चार मिनिटे सदतीस सेकंद

आमच्या प्रयोगशाळेत देशाची वेळ ठेवली जाते. हे सांगितलं की लोक हसतात आणि मनगट पुढे करून विचारतात, "बघा बरं, माझं बरोबर आहे का?" मी बघते. बहुतेक घड्याळं दोन-तीन मिनिटं पुढे असतात. त्याने कोणाचं काही बिघडत नाही.

तळघरातल्या एका खोलीत तीन घड्याळं आहेत. त्यांना काटे नाहीत. कमरेइतक्या उंचीची राखाडी कपाटं आहेत ती. बँका, विमानतळ, सरकारी कचेऱ्या यांची यंत्रं त्यांना वेळ विचारतात, आणि कोणी कधी विचारलं याची नोंद आपोआप होते. शिवाय एक जाड वही असते. खोलीत कोण आलं, दार किती वेळ उघडं राहिलं, तापमान किती झालं, हे तिच्यात हाताने लिहायचं. खाडाखोड करायची नाही आणि पान फाडायचं नाही, हे दोन नियम मला पहिल्या दिवशी सांगितले होते. त्याला एकोणीस वर्षं झाली.

त्या वर्षी संसदेने अध्यक्षांना नव्वद दिवसांसाठी विशेष अधिकार दिले होते. नव्वदाव्या दिवशी दुपारी बारा वाजता ते आपोआप संपतात आणि वाढवायचे तर फक्त संसदेने, असं घटनेत स्पष्ट लिहिलं आहे. संसद वाढवायला तयार नव्हती. त्या दिवशी अध्यक्षांनी हुकूम काढला: संसद स्थगित, विशेष अधिकार पुढील सूचनेपर्यंत चालू. अधिकार हातात असताना असा हुकूम काढता येत होता, बारा वाजल्यानंतर नाही. राजपत्रात हुकमावर वेळेचा शिक्का होता ११.५८चा. संध्याकाळपर्यंत चारशे माणसं उचलली गेली.

राजपत्राचं यंत्र शिक्का मारण्याआधी आमच्या घड्याळाला वेळ विचारतं. त्या दिवशी त्याने ती विचारली बारा वाजून चार मिनिटं सदतीस सेकंदांनी. त्याआधी सकाळी साडेनऊपासून एकदाही नाही. म्हणजे आम्ही दिलेलं उत्तर बाजूला ठेवून कोणीतरी हाताने ११.५८ टाकलं होतं. आम्ही विचारणाऱ्याचीही नोंद ठेवतो, हे बहुधा त्यांच्या गावीही नव्हतं.

चारशे माणसांत आमच्या मिस्त्रींची मुलगी होती. मिस्त्री म्हणजे प्रयोगशाळेतले पंखे, पंप, वातानुकूलन, सगळं चालू ठेवणारे गृहस्थ. मुलगी शाळेत नागरिकशास्त्र शिकवायची. तिने आठवीच्या मुलांकडून नव्वद दिवस मोजून घेतले होते आणि शेवटची तारीख फळ्यावर लिहून ठेवली होती, एवढाच तिचा गुन्हा. मिस्त्री तिला 'आमची मास्तरीण' म्हणायचे. अटकेनंतरही तसंच म्हणत.

"आमच्या मास्तरणीला पोळी आवडत नाही तिथली," एकदा चहा पिताना ते म्हणाले. "मी म्हटलं, घरची तरी कुठे आवडायची तुला!"

त्यांनी माझ्याकडे कधी काही मागितलं नाही. नोंदीची गोष्ट मी त्यांना सांगितलीही नव्हती. ती वकीलबाईंनी शोधून काढली.

वकीलबाई अटकेतल्या लोकांच्या वतीने सर्वोच्च न्यायालयात गेल्या होत्या. न्यायालयाने आम्हाला पत्र पाठवलं: राजपत्राच्या यंत्राने त्या दिवशी किती वाजता वेळ विचारली, याचं प्रमाणपत्र द्यावं. पत्र घेऊन मी आमच्या साहेबांकडे गेले. त्यांनी ते दोनदा वाचलं, चष्मा काढला, पुसला, परत घातला.

"नियमाप्रमाणे द्या," ते म्हणाले. "नियमापेक्षा एक अक्षर कमी नको आणि एक अक्षर जास्त नको."

"वहीचं पान जोडायचं का?"

"नेहमी जोडतो आपण?"

"नेहमी."

"मग मला कशाला विचारता? सही तुमची आहे." आणि ते खिडकीबाहेर बघत बसले.

वहीचं पान मी आधीच उघडून पाहिलं होतं. माझंच अक्षर. 'वातानुकूलन बंद. दुरुस्तीसाठी मिस्त्री आत. दार ११.५१ ते १२.०७ उघडे. तापमान ०.४ अंशाने वर.'

वकीलबाई दुसऱ्या दिवशी आल्या. उंच, घाईतल्या, बोलताना पिशवीत सतत काहीतरी शोधणाऱ्या. पान वाचल्यावर त्यांची शोधाशोध थांबली.

"तापमान वाढलं की घड्याळ चुकतं?"

"फरक पडतो. एका सेकंदाचे शंभर कोटी भाग केले तर त्यातल्या एकाहूनही कमी."

"म्हणजे पडत नाही."

"पडतो. मोजता येतो."

"अहो बाई," त्या खुर्चीत बसत म्हणाल्या, "न्यायालयाने तुमच्याकडे फक्त विचारल्याची वेळ मागितली आहे. हे पान मागितलेलंच नाही. ते लावायलाच हवं का?"

"प्रत्येक प्रमाणपत्राला त्या दिवसाचं पान लावतो आम्ही. याला लावलं नाही, तर याच दिवशी का नाही, हा प्रश्न येईल."

"कोण विचारणार आहे? तुमची वही कोणी बघितली आहे आजवर?"

कोणीच नाही. एकोणीस वर्षांत ती जोडपानं कोणी वाचल्याचं मला आठवत नव्हतं. साखर कारखान्यांचे, विमा कंपन्यांचे वकील पहिलं पान घेत आणि बाकीचं फायलीत जाई. वकीलबाईंना मी विचार करते म्हणाले.

घरी नवऱ्याला सांगितलं. तो भाजी चिरत होता.

"तू ते लावणार," तो म्हणाला. "उगाच मला विचारतेस. तुला 'जरा थांब' म्हटलं तर तू 'किती' विचारतेस. तुझ्याकडून काय होणार आहे दुसरं?"

"चारशे माणसं आहेत."

त्याने सुरी खाली ठेवली. "मग नको लावूस."

"आणि कोणी विचारलं तर?"

"बघ, पुन्हा तेच."

मी पान लावलं. का लावलं याचं उत्तर तेव्हा सोपं वाटलं होतं. एक गोष्ट लपवली की उरलेल्या सगळ्या गोष्टींवरून माझाच विश्वास उडाला असता. शिवाय मला मनापासून वाटत होतं की एवढा सूक्ष्म फरक शहाण्या माणसाला पाच मिनिटांत समजावता येईल. चार मिनिटं सदतीस सेकंद कुठे आणि हे कुठे!

साक्षीच्या दिवशी सरकारी वकिलांनी मला आधी पाणी प्यायला सांगितलं. आवाज मऊ, आमच्या शाळेतल्या मुख्याध्यापकांसारखा.

"हे अक्षर आपलंच ना, बाई?"

"हो."

"सुंदर आहे. आमच्या कारकुनांना दाखवायला हवं." दोन-चार लोक हसले. "देशाच्या वेळेच्या खोलीचं दार त्या दिवशी सोळा मिनिटं उघडं होतं?"

"हो."

"वादातला क्षण या सोळा मिनिटांतच येतो?"

"येतो."

"तापमान वाढल्याने आपल्या घड्याळावर परिणाम होतो की होत नाही?"

"होतो, पण तो एका सेकंदाच्या..."

"होतो. आणि आत गेलेल्या मिस्त्रींची कन्या या खटल्यात अर्जदार आहे, हे खरं?"

"खरं. पण मिस्त्री आत गेले तेव्हा तिला अटक झालेलीच नव्हती. हुकूमही निघाला नव्हता. आणि घड्याळाला त्यांनी हातही लावला नाही."

"आपण सतत त्यांच्याकडे बघत होतात?"

"नाही. मी वही लिहीत होते."

"आभारी आहे, बाई. अगदी प्रामाणिक साक्ष."

नंतर वकीलबाईंनी मला सविस्तर विचारलं. मी तापमानाचा परिणाम समजावला. उरलेली दोन घड्याळंही त्या क्षणी तीच वेळ दाखवत होती, हे सांगितलं. शेजारच्या दोन देशांच्या प्रयोगशाळांशी आमच्या वेळेचा रोज मेळ घातला जातो, त्या दिवशीचाही कागद दाखवला. पाचही न्यायमूर्ती लिहून घेत होते. मधल्या न्यायमूर्तींनी एक प्रश्न विचारला, आणि तो इतका नेमका होता की मला हायसं वाटलं. त्यांना सगळं समजलं होतं. प्रश्न विचारून त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि लगेच नजर कागदावर नेली.

सहा आठवड्यांनी निकाल आला. वाचायला अकरा मिनिटं लागली. प्रयोगशाळेच्या अधिकाऱ्यांच्या सचोटीबद्दल न्यायालयाला आदर आहे. तथापि त्यांच्याच नोंदीनुसार वादातल्या वेळी घड्याळाची खोली नेहमीच्या स्थितीत नव्हती, आणि एका अर्जदाराचा निकटचा नातेवाईक त्या वेळी आत होता. अशा स्थितीत देशाच्या सर्वोच्च पदावरून निघालेल्या हुकमावरची वेळ खोटी आहे, असं निःसंशय म्हणता येत नाही. हुकूम कायम. शेवटच्या पानावर 'सचोटी' हा शब्द आणखी दोनदा होता.

साहेबांनी मला बोलावून बसायला सांगितलं.

"मनाला लावून घेऊ नका. त्यांना खुंटी हवी होती. तुम्ही दिली नसती तर त्यांनी स्वतः ठोकली असती."

"असेलही."

"असेलही काय? आहेच."

मला ते सिद्ध करता येत नव्हतं. पान न लावता तोच खटला पुन्हा चालवून बघण्याची सोय कुठे असते? वकीलबाई फोनवर फक्त एवढंच बोलल्या, "बाई, तुमची चूक नाही." पण ते म्हणायला त्यांना एक क्षण जास्त लागला.

मिस्त्री चार दिवस कामावर आले नाहीत. पाचव्या दिवशी आले, पंपाचं तेल बदललं, आणि जेवणाच्या सुट्टीत माझ्या टेबलाशी येऊन उभे राहिले.

"मॅडम, शनिवारी भेट मिळाली आहे. दहा मिनिटं. तुम्ही येता का? हे तापमानाचं वगैरे मला नीट सांगता येणार नाही. ती विचारल्याशिवाय राहायची नाही."

शनिवारी आम्ही बसने गेलो. दीड तासाचा रस्ता. मिस्त्री मांडीवर पिशवी धरून बसले होते. मग एकदम म्हणाले, "दार ओढून घ्यायला हवं होतं मी. हात तेलकट होते, म्हटलं कडी कशाला घाण करा."

"मिस्त्री, दार उघडं होतं म्हणून काहीही झालेलं नाही. घड्याळ बरोबर होतं."

"मग कोर्टात सांगायचं ना तसं."

"सांगितलं."

"सांगितलंत?"

"तीन वेळा सांगितलं."

ते माझ्याकडे बघत राहिले. मी खोटं बोलत नाही, हे त्यांना माहीत होतं. त्यामुळेच त्यांना काही कळेना. शेवटी म्हणाले, "मग ते ऐकत का नाहीत?"

फाटकावरच्या शिपायाने आमचे कागद पाहिले. "या कोण?"

"कचेरीतल्या मॅडम."

"नात्यातल्या आहेत?"

"नाही."

"मग नाही. रक्ताच्या नात्याला भेट." आणि माझ्याकडे वळून, जरा ओशाळून, "बसा ना बाकावर. सावली आहे."

मी बाकावर बसले. मांडीवर मिस्त्रींची पिशवी. तिच्यात साबण, दोन रुमाल आणि कोऱ्या वह्या होत्या. शिपायाने सगळंच परत केलं होतं, या महिन्याची वस्तू आधीच देऊन झाली होती. दहा मिनिटं म्हणाले होते, मिस्त्री सात मिनिटांनीच बाहेर आले.

"इतक्यात?"

"घड्याळ त्यांचं," ते म्हणाले. त्यांनी पिशवी घेतली आणि आम्ही रस्त्याला लागलो.

"काय म्हणाली?"

"विचारत होती, मॅडम खरं बोलल्या का. म्हटलं, हो. सगळं? म्हटलं, सगळं. मग म्हणाली, बरं झालं. म्हणाली, त्यांना सांगा बरं झालं." ते थोडं चालले. "मग काही सुचेना दोघांनाही. सुटणार कधी, ते ती विचारत नाही आणि मी सांगत नाही. आई कशी आहे, ठीक आहे. पाऊस आहे का, नाही. मग म्हणाली, बाबा, चप्पल तुटली आहे. दोरीने बांधून घातली होती तिने."

बसथांब्याच्या अलीकडे चपलांचं एक लहान दुकान होतं. मिस्त्री आत शिरले, मी मागोमाग. दुकानदाराने पेपर घडी करून ठेवला.

"बायकांची, साधी, रबरी," मिस्त्री म्हणाले.

"नंबर?"

मिस्त्रींनी माझ्याकडे पाहिलं. मी त्यांच्याकडे पाहिलं.

"विचारायचं राहिलं," ते म्हणाले. "नोकरी लागल्यापासून स्वतःची स्वतःच घेते ती. लहान होती तेव्हा मीच..." त्यांनी तळहात उघडून मनगटापासून बोटांच्या टोकापर्यंत दाखवलं, मग बोटांच्या थोडं पुढे. "एवढा असेल. की एवढा?"

"दोन जोड घेऊ या," मी म्हटलं. "एक मोठा, एक लहान."

"एकच आत नेऊ देतात. महिन्यातून एक वस्तू."

दुकानदाराने दोन खोकी उघडून समोर ठेवली. पाच आणि सहा. मिस्त्रींनी एका हातात एक, दुसऱ्या हातात एक अशा चपला धरल्या, तळाला तळ लावून पाहिल्या. फरक माझ्या अंगठ्याच्या नखाएवढा होता.

"काका, असं अंदाजाने नका नेऊ," दुकानदार म्हणाला. माणूस चांगला होता. "त्यांनाच घेऊन या ना. जवळच असतील तर आत्ता घेऊन या, मी उघडाच आहे आठपर्यंत."

मिस्त्रींनी दोन्ही चपला खाली ठेवल्या. त्याने आधी आमच्याकडे आणि मग बाहेर रस्त्याच्या टोकाला दिसणाऱ्या फाटकाकडे पाहिलं, आणि खोकी उगाचच नीट करू लागला.

"मोठी द्या," मिस्त्री म्हणाले. "मोठी चालते."