अकरा किल्ल्या

प्रश्नावलीतल्या पहिल्याच प्रश्नाला शिलाईमावशींनी घोळ घातला.

"घरात माणसं किती?" विद्यापीठातून आलेल्या मुलीनं विचारलं.

"तीन."

मुलीनं खोलीभर नजर फिरवली. एक खाट, एक शिलाई मशीन, दोरीवर एकाच बाईचे कपडे. "बाकीची दोघं कामावर गेलीत?"

"एक वर राहतात, नळवाले. बायको गेल्यापासून दोन्ही वेळा इथेच जेवतात. दुसरी समोरच्या नर्सची लेक. शाळा सुटली की इथे, आईची ड्यूटी संपली की तिकडे."

"पण मावशी, इथे झोपतात तेवढीच माणसं लिहायची असतात."

"झोपायचं काय गं! झोपलेल्या माणसाला कुठे कुणाची गरज लागते?"

मुलगी हसली, पण तिचं पेन थांबलं ते थांबलंच. वसाहत सरकारी, साठ वर्षांची. भोवती काचेच्या इमारती उठल्या होत्या, कोपऱ्यावरच्या गिरणीच्या जागी महागड्या कॉफीचं दुकान आलं होतं. आता वसाहतही पाडायची ठरली होती. जुन्या रहिवाशांना घरं मिळणार होती, पण सोडत काढून. कुणी इथेच, कुणी नदीपलीकडे. अशा वेळी माणसांचं काय होतं, याचाच ती अभ्यास करत होती.

दुसऱ्या दिवशी ती नवा प्रश्न घेऊन आली. "मावशी, कुणाकुणाच्या घराची किल्ली तुमच्याकडे असते?"

मावशींनी बटणांचा डबा खाटेवर उपडा केला. अकरा किल्ल्या निघाल्या, प्रत्येकीला वेगळ्या रंगाचा दोरा. "लाल दोरा शेजारच्या आजोबांचा, ते एकटेच असतात, त्यांना चक्कर येते. निळा नर्सचा. हिरवा नळवाल्यांचा. किल्ली आत ठेवून दार ओढून घेतात. जन्मभर लोकांची गळती काढली, स्वतःच्या डोक्याची काही निघेना!"

पुढचा महिनाभर दोघी मिळून चौऱ्याऐंशी घरं फिरल्या. मुलीला न उघडणारी दारं मावशींच्या हाकेला उघडत. ज्या घराची किल्ली जिथे, तिथपर्यंत मुलगी नकाशावर रेघ ओढी. शेवटी तो कागद बघून मावशी म्हणाल्या, "अगं, हे तर मागच्या बाजूनं बघितलेलं भरतकाम झालं."

घरांच्या सोडतीआधी रहिवाशांची सुनावणी झाली. तिथे सरकारी साहेबांनी नकाशा नीट पाहिला. "अभ्यास छान आहे. पण नियमात किल्ल्यांचा उल्लेख नाही."

मावशी सभेत कधी बोलल्या नव्हत्या. आज उठल्या.

"नियमात नाही, खरंय साहेब. पण आजोबा न्हाणीघरात पडले तेव्हा दार मी उघडलं. सोडतीला आमची ना नाही. पण एकेका घराची चिठ्ठी काढू नका, चार-चार घरांची मिळून काढा. तुमच्या खोल्या काही वाढायच्या नाहीत."

साहेब पेनाच्या टोपणाशी चाळा करत राहिले. मग म्हणाले, "लेखी द्या."

दोन महिन्यांनी आदेश आला. गटानं अर्ज करता येणार होता, पण फक्त साठीपुढच्या लोकांना. मावशी, नळवाले आणि आजोबा एका मजल्यावर आले. नर्सचं घर नदीपलीकडे निघालं.

"माझंच चुकलं, वयाची अट घालू नका, असं मी त्या लेखी अर्जातच लिहायला हवं होतं," म्हणत मुलगी मावशींच्या खाटेवर बसून रडली.

मावशींनी तिची पाठ थोपटली. "उसवलेलं सगळं एका बैठकीत शिवून होतं होय? अजून अर्ज कर. मी आहे ना सहीला."

अर्ज अजून फिरतोच आहे. दर शनिवारी नर्सची लेक दोन बस बदलून येते. बस अकराची असते, मावशी दहालाच थांब्यावर जाऊन बसतात. नळवाले म्हणतात, इतक्या लवकर कशाला? आणि स्वतःही चपला घालतात.