आमदारीणबाईची शिदोरी

वैनगंगा फुगल्याची बातमी आली की शोभाताईंच्या घरचे टीव्हीपुढे बसतात. शोभाताई मात्र स्वयंपाकघराकडे तोंड करून सुनेला विचारतात, "स्वाती, अनारशाचं पीठ आहे काय वं घरी?" स्वाती हसते. तिला वाटतं, म्हातारीला पावसात खायचं सुचतंय. वाटू द्या. म्हातारीला काय सुचतंय ते म्हातारीलाच ठाऊक.

शोभाताई एकेकाळी आमदार होत्या. फार नाही, एकदाच. जिल्ह्याचे दोन तुकडे होऊन गोंदिया वेगळं निघालं, त्यानंतरच्या वर्षांतली ही गोष्ट. तेव्हा माणसाच्या खिशात फोन नव्हता, आणि नदीकाठच्या गावात गाडी यायची ती एक तर वरातीची, नाहीतर मतं मागायची.

त्यांच्या आमदारकीच्या पहिल्याच पावसाळ्यात सावरीटोलीच्या नाल्याला पाणी आलं. सावरीटोली म्हणजे पवनी तालुक्यातली मूठभर घरं. एका अंगाला वैनगंगा, दुसऱ्या अंगाला नाला. दोन्ही भरले की गावाला बाहेरून कडी. त्या दिवशी एक अडलेली बाई बाजेवर घालून माणसं नाल्याच्या काठावर बसली होती, पाणी उतरायची वाट पाहत. अलीकडच्या काठावर शोभाताई उभ्या. आमदार असून, जीप असून, नुसत्या उभ्या. पाणी उतरलं तेव्हा बाई गेलेली होती. कसली आमदारकी नि कसलं काय! शोभाताई त्या रात्री जेवल्या नाहीत, आणि ते काठावरचं उभं राहणं त्यांच्या जिवाला कायमचं लागलं.

मग भंडाऱ्याच्या बैठकांत त्यांनी सगळ्यांचं डोकं खाल्लं. पुराच्या तयारीचा आराखडा पुढे यायचा. त्यात दोर, बॅटऱ्या, डोंगे, विहिरीत टाकायची पावडर, सापाचं औषध, सगळं असायचं. शोभाताई विचारायच्या, "आणि पोटुशा बाया?"

"त्यांना पूर आल्यावर काढू ना, ताई," एक साहेब म्हणाले.

"पूर आल्यावर म्हशी काढा तुम्ही. बाई आधी निघाली पाहिजे."

लोक मागून म्हणायचे, या बाईला बाळंतपणाशिवाय विषयच नाही. नसू दे, त्या म्हणत. पण भांडून भांडून त्यांनी करून घेतलंच. जिचे दिवस पावसाळ्यात भरतात, तिला पाणी चढायच्या आधीच कोंढ्याला आणायचं. कोंढ्याला दवाखाना होता, आणि दवाखान्यापासून हाकेच्या अंतरावर शोभाताईंचं घर. धान साठवायच्या ढोल्या गोठ्यात हलवून त्यांनी दोन खोल्या मोकळ्या केल्या, भिंतींना चुना मारला, बाजा टाकल्या, भिंतीवर जिवतीचा कागद लावला. आता फक्त बाया यायच्या बाकी होत्या.

दुसऱ्या वर्षी आषाढात दवाखान्याची पांढरी गाडी गावोगाव फिरली आणि जशी गेली तशी रिकामी परत आली. वच्छला नर्स रडकुंडीला आली होती. "ताई, बाया दारं लावून घेतेत. सासवा त अंगावर धावून येतेत."

शोभाताईंचं डोकं फिरलं. त्या स्वतः गेल्या सावरीटोलीला, तरातरा. पहिलंच घर सीताबाईचं. सीताबाई विधवा. मुलगा कुलदीप वरठीला कारखान्यात कामाला, घरी फक्त सून शालू, दिवस गेलेली. वच्छलानं शालूला पाहिलं नि शोभाताईंच्या कानात सांगितलं, "पायावर सूज आहे, डोकं दुखते म्हणते. ही टोलीत बाळंत झाली, तर माह्या हातात काही नाही राहणार."

सीताबाई दारात आडवी उभी. हाताला धानाच्या रोवण्याचा चिखल तसाच. "सून नाई धाडत मी."

"काहून नाई? जीव जाईल तिचा!"

"आमदारीणबाई, कोणाच्या लेकीले अशी गाडी पाठवून नेते काय? सून होय ते, धानाचं पोतं नोहोय. कोणी न्याले आलं काय?"

परतीच्या वाटेवर शोभाताई सीताबाईचा तोच प्रश्न पुटपुटत होत्या. अंकुश, त्यांचा ड्रायव्हर, आरशातून पाहत होता. ताई पुटपुटतात म्हणजे काहीतरी गडबड. कोंढ्याच्या वेशीत त्यांनी कपाळावर हात मारून घेतला. "अंकुश, माह्यासारखी येडी मीच रे!"

कारण त्याही कोणाची सून होत्या. भाऊ न्यायला आल्याशिवाय त्यांनी तरी कधी सासरचा उंबरा ओलांडला होता? मुराळी येतो, पाय धुतो, शिदोरी देतो, जेवतो, दोन गोष्टी बोलतो, मगच लेक पिशवी भरते. ही साधी गोष्ट त्या विसरल्या होत्या. मुंबईला चार दिवस काय राहिल्या, माणसं उचलायला निघाल्या!

दुसऱ्या दिवसापासून शोभाताईंनी अनारसे तळायला घेतले. पांढरी गाडी राहिली दवाखान्यात. स्वतःच्या जीपमध्ये शिदोरीचा डबा मांडीवर घेऊन आमदारीणबाई घरोघर जाऊ लागल्या. अंगणात पाय धुवायचे, डबा द्यायचा, सासू वाढेल ते जेवायचं, वांग्याची भाजी असो की नुसतं भात नि वरण. आणि मग म्हणायचं, "लेकीले न्याले आली मी." सासवा आधी हसल्या, मग डोळे पुसले, मग सुनांच्या ओट्या भरल्या. एकेक करत बाया कोंढ्याला आल्या. घर कसं भरून गेलं! संध्याकाळी ओळीनं बसून पोटुशा बाया लसूण सोलायच्या नि एकमेकींच्या सासवांच्या नकला करायच्या. शोभाताई कधी त्यात बसल्या की त्यांनाही सोडायच्या नाहीत. वच्छला प्रत्येकीचं बीपी पाहायची, लोहाच्या गोळ्या डोळ्यांपुढे गिळायला लावायची. त्या दिवसांसारखे दिवस शोभाताईंना पुन्हा नाही मिळाले. निवडून आल्या होत्या तेव्हाही एवढा आनंद झाला नव्हता.

पण शालू आली नाही. शोभाताई शिदोरी घेऊन गेल्या, तर सीताबाईनं डबा घेतला, जेवायला वाढलं, आणि तरी म्हणाली, "सून नाई येत." का, ते सांगेना. कुलदीपला निरोप धाडला, त्यानं उलट निरोप दिला की मायपुढे माझं काही चालत नाही.

आणि मग झड लागली. वरच्या धरणाचे दरवाजे उघडणार असल्याचा निरोप कोंढ्याला आला. शोभाताईंनी अंकुशला उठवलं. "चल."

"ताई, नाल्यावर गुडघाभर पाणी आहे म्हणतेत."

"कमरेएवढं व्हायच्या आत चल मंग."

नाला कसाबसा ओलांडून त्या सीताबाईच्या दारात पोचल्या. डबा नव्हता, पाय धुवायला उसंत नव्हती. आत शालू भिंतीला टेकून बसलेली, चेहरा सुजलेला. शोभाताईंनी हात जोडले. आमदार बाई, चिखलात उभी, हात जोडून. "सीताबाई, मागच्या साली मी त्या काठावरून एक बाई मरताना पाहिली. मले पुन्हा नका दाखवू जी."

सीताबाईचा एकदम बांध फुटला. "सून त मी बी होती ना या घरची! चाळीस साल झाले. माय-बाप लग्नाआधीच गेले, भावानं तोंड नाई दाखवलं. गावातल्या साऱ्या सुना आखाडीले माहेरी जायच्या, मी ओट्यावरून पाहत राहायची. मले न्याले कोण आलं? पाच बाळंतपणं याच खोलीत केली, त्यातला एक कुलदीप राहिला. मेली काय मी? मंग हिलेच कायले पाहिजे माहेर?"

बोलून ती स्वतःच दचकली. शालूकडे तिला पाहवेना.

बाहेर नाल्याचा आवाज वाढत होता. अंकुशनं दोनदा हॉर्न वाजवला. शोभाताईंनी पुढे होऊन सीताबाईचा चिखलाचा हात धरला.

"चाल बाई," त्या म्हणाल्या. "तुलेच न्याले आली मी. उशीर झाला, माफ कर."

"मी? माहं काय काम तिथं?"

"माहेरी काय काम राहते? बस. खा. झोप."

"मंग बकऱ्या?"

"बकऱ्या बी घे!"

आणि खरंच घेतल्या. पुढे शोभाताई, मागे सुजल्या पायांची शालू, तिचं डोकं मांडीवर घेतलेली सीताबाई, आणि पायाशी दोन बकऱ्या, अंकुशच्या नावानं ओरडणाऱ्या. नाल्यात जीपच्या दारातून पाणी आत आलं. अंकुश देवाचं नाव घेत होता नि मधूनच बकऱ्यांना शिव्या देत होता. जीप पलीकडे चढली, आणि दिवस मावळायच्या आत नाला पुराच्या पाण्यात दिसेनासा झाला.

त्याच आठवड्यात शालूला झटके आले. दवाखाना हाकेवर होता म्हणून बाज उचलून धावत नेता आली, डॉक्टरांनी सुई दिली, वच्छला रात्रभर हात धरून बसली. पहाटे मुलगी झाली. मुलगी रडली, शालूनं डोळे उघडले, आणि सीताबाई दवाखान्याच्या पायरीवर येऊन बसली. सावरीटोली तेव्हाही पाण्याच्या आतच होती. शोभाताई तिच्याशेजारी बसल्या.

पाणी उतरलं, तसा कुलदीप मोटरसायकल घेऊन आला. लेकीला पाहून त्याचा जीव हरखला. बायकोची महिनाभर तरी उठबस नाही, हे त्यालाही कळत होतं. पण शेतावर निंदण पडलं होतं, घरात गाळ भरला होता. "माय, तू चाल," तो म्हणाला. "पिशवी भर."

सीताबाई अंगणात बसून शोभाताईंच्या हातून डोक्याला तेल लावून घेत होती. डोळे मिटलेले.

"माय, चाल ना!"

"नाई येत."

"काहून?"

सीताबाईनं एक डोळा उघडला नि मुलाकडे असं काही पाहिलं की तो गाडीला किक मारायचाच थांबला. "माहेरी आली ना मी. चार दिस राहू त देसान!"

कुलदीप बिचारा तसाच परत गेला. सीताबाई पोळ्यापर्यंत राहिली. निघायच्या दिवशी शोभाताईंनी तिची ओटी भरली, हिरवं लुगडं दिलं, आणि ती केस पिकलेली बाई जीपची दांडी धरून नव्या नवरीसारखी मोठमोठ्यानं रडली. गल्लीतल्या बाया बाहेर आल्या. कोणीतरी म्हणालं, "अवं, आता पुरे कर." शोभाताईंनी त्या बाईला हातानंच गप्प केलं. "रडू दे तिले," त्या म्हणाल्या. "पहिल्यांदा चालली आहे ते माहेराहून."