कुंपणाबाहेरची फांदी

राजाभाऊ फुलं चोरत. याला दुसरा शब्द नाही. कोथरूडमध्ये सकाळी फिरायला निघालेले हे निवृत्त मुख्याध्यापक काठीला तारेचा आकडा लावून लोकांच्या कंपाउंडवरून तगर, अनंत, कण्हेर खाली ओढायचे आणि दुधाच्या पिशवीत भरायचे. रस्त्यावर आलेली फांदी देवाची, हा त्यांचा कायदा. विकतचं फूल त्यांनी देवाला कधी वाहिलं नाही, आणि घरच्या कुंड्यांना हात लावला नाही.

आई गेल्यापासून त्यांची मुलगी अरुंधती त्यांना जर्मनीला बोलावत होती. ती आणि तिचा नवरा श्रीपाद झिंडेलफिंगेन शहरातला फ्लॅट सोडून ब्लॅक फॉरेस्टच्या डोंगरात राहायला गेले होते. राजाभाऊंचं उत्तर ठरलेलं असे.

"तुमच्याकडे मार्चपर्यंत बर्फ. देवाला काय थर्माकोल वाहू?"

ती हसायची, आणि फोन ठेवला की तिला भरून यायचं. बाबा एकट्यापुरता चहा टाकून एकटेच पीत बसलेत, हे तिला बसल्या जागी दिसायचं.

ऑक्टोबरमध्ये ती बाउमशूलेत, म्हणजे झाडांच्या नर्सरीत गेली. श्रीपादला बागेतलं काही कळत नसलं तरी मतं भरपूर होती.

"लायलॅक घे ना. सगळ्यांकडे आहे."

"तो मेमध्ये फुलतो. तेव्हा फुलांना काय तोटा?"

"मग हायड्रेंजिया? कितीही थंडीत टिकते, असं लिहिलंय."

"टिकते रे, पण फुलते उन्हाळ्यात. मला बर्फात फूल हवंय."

नर्सरीतल्या बाईंनी एक उंच, काटकुळं झुडूप पुढे केलं. नाव त्साउबरनुस, इंग्रजीत विच हेझल. पानं यायच्या आधी, ऐन हिवाळ्यात फुलतं. कडाका वाढला की पाकळ्या गुंडाळून घेतं, जरा ऊब आली की पुन्हा उघडतं.

"कुंपणाजवळ लावणार आहे," अरुंधती म्हणाली. "फांदी रस्त्यावर यायला हवी."

"रस्त्यावर? मग येणारे-जाणारे फुलं तोडतील की!" बाई म्हणाल्या.

"गेनाऊ! अगदी बरोबर, तोडायलाच हवीत."

श्रीपाद हसू लपवायला कुंडी उचलायच्या निमित्ताने खाली वाकला.

मग बर्फ आला. झुडूप जगलं तर बाबा येतील, असं तिने कुणाला न सांगता मनाशी धरलं होतं. तिच्यासारख्या इंजिनिअरने असलं काही धरू नये, पण धरलं होतं खरं. रोज खिडकीतून त्या काड्या बघायची, आणि रोज वाटायचं, मेलं.

फेब्रुवारीत एका सकाळी काड्यांवर पिवळं दिसलं. गाउनवरच जॅकेट चढवून ती बाहेर धावली आणि तिने व्हिडिओ कॉल लावला.

"बाबा, बघा!"

बर्फाखालून हळदीच्या दोऱ्यांसारख्या पाकळ्या बाहेर आल्या होत्या. राजाभाऊंनी चष्मा पुसला.

"कुणाचं झाड?"

"आपलंच."

"घरचं? मग काय उपयोग!"

अरुंधती फाटक उघडून रस्त्यावर गेली. तिने फोन कुंपणाच्या दिशेने वर धरला.

"आता बघा. फांदी कुठे आलीय?"

राजाभाऊंनी फोन डोळ्यांजवळ नेला.

"उंच दिसतेय गं," ते म्हणाले. "माझा हात नाही पोचायचा."

"हो बाबा. थोडी उंच आहे."

त्यांनी कोपऱ्यातल्या काठीकडे पाहिलं.

"विमानात काठी नेऊ देतात का? आकडा लावलेली?"