पंचवीस मीटर जास्त

मी कॅमेरा बोलतोय. लग्नांचा कॅमेरा म्हणालात तरी चालेल, कारण माझी निम्मी हयात केक कापणाऱ्या जोडप्यांसमोर गेली आहे. पण आज जे सांगायचंय ते लग्नाचं नाही. ते माझ्या हातून, म्हणजे माझ्या धन्याच्या हातून, झालेल्या एका घोळाचं आहे.

माझा जन्म जपानमधल्या एका कारखान्यात झाला. तिथलं मला फारसं आठवत नाही, कारण माझ्यात कार्ड नव्हतं. कार्ड घातलं ते ऑब्रे पार्जिटरने, इंग्लंडमधल्या एका छोट्या गावी, त्याच्या स्वयंपाकघरातल्या टेबलावर. मी पहिल्यांदा टिपलं ते त्याच्या चहाच्या किटलीला. ती चांगली आली होती.

ऑब्रे साठीला टेकलेला, एकटा आणि कमालीचा चिकट माणूस. चिकट म्हणजे कामाला चिकट. नवरीच्या आईचा डोळा पुसतानाचा क्षण मिळावा म्हणून हा गडी चर्चच्या थंडगार फरशीवर अर्धा तास गुडघे टेकून बसायचा. मग एके वर्षी जवळच्या शर्यतीच्या गाड्यांच्या कारखान्यातून त्याला फोन आला. त्यांना कॅमेरा घेऊन येणारा माणूस हवा होता. कोण, कसा, काय काम करतो, काही विचारलं नाही.

का विचारलं नाही, ते मला पुढे कळलं. या गाड्यांना वाटेल तेव्हा पळता येत नाही. पूर्वी पैसेवाल्या टीम वर्षभर मैदानावर गाड्या पळवून चाचण्या करायच्या, म्हणून नियम आला: चाचणीचे दिवस मोजके, बाकी गाडी गॅरेजात. फक्त जाहिरातीच्या चित्रीकरणासाठी वर्षातून दोन दिवस गाडी बाहेर काढता येते, तीही दिवसाला शंभर किलोमीटर. हा नियम ज्यांनी केला ते भले लोक असणार. कारण त्या दोन दिवशी सगळ्या टीमना अचानक जाहिरातीचा पुळका येतो.

आमच्या टीमचंही तेच. चित्रीकरणाच्या दिवशी गाडीवर हिरवा ओला रंग फासायचे, म्हणजे वारा कुठून कसा वाहतो ते त्या ओघळांवरून कळतं. कागदावर त्याला 'सजावट' म्हणायचे. चाळीस माणसं गाडीकडे आणि आकड्यांकडे बघत असायची आणि कुंपणापाशी ऑब्रे माझ्यासकट एकटा उभा असायचा. तो मात्र मनापासून चित्रीकरण करायचा. घरी जाऊन आठवडाभर जुळवाजुळव करायचा, संगीत घालायचा आणि फिल्म पाकिटात घालून टीमला पाठवायचा. सहा वर्षांत कुणी ती बघितल्याचं आमच्या कानावर आलं नाही. ऑब्रे म्हणायचा, "कामाची माणसं आहेत, सवडीने बघतील."

आता घोळाकडे येतो.

आमचं चित्रीकरण व्हायचं त्या शर्यतीच्या मैदानाची एक फेरी पाच किलोमीटर नऊशे मीटरची. सोळा फेऱ्या मारल्या तर साडेपाच किलोमीटर वाया जातात आणि सतरा मारल्या तर शंभरच्या वर तीनशे मीटर होतात. असला माल वाया घालवायला ही मंडळी तयार नसतात. म्हणून सतरावी फेरी सुरू करायची, शेवटच्या सरळ रस्त्यावर एक नारिंगी शंकू ठेवायचा, तिथे इंजिन बंद करून गाडी थांबवायची आणि उरलेलं अंतर मेकॅनिक लोकांनी ती हाताने ढकलत न्यायची. ढकललेलं अंतर मोजत नाहीत. दरवर्षी हे असंच चालायचं.

ऑब्रेला वाटायचं की पेट्रोल संपतं.

त्या फेब्रुवारीत गाडीत ओस्मो होता. हा फिनलंडचा, एकतीस वर्षांचा. चार वर्षं टीमच्या कारखान्यात, पडद्यासमोरच्या खोट्या गाडीत बसून त्याने खऱ्या गाडीसाठी काम केलं होतं. खऱ्या चाचण्या बंद, म्हणून खोटी गाडी. आणि खोट्या गाडीला माणूस लागतो. पण यंदा टीमच्या एका नेहमीच्या चालकाचं मनगट मोडलं होतं आणि पहिल्या शर्यतीत ओस्मोला बसवायचं ठरलं होतं. त्याची आयुष्यातली पहिली मोठी शर्यत. तो याबद्दल काही बोलायचा नाही, तो कशाबद्दलच बोलायचा नाही. पण सकाळी तो गाडीत शिरताना मी जवळून टिपलं, तेव्हा त्याने हातमोजे तीनदा काढून पुन्हा घातले.

मॉर्वेना ट्रेगियर ही टीमची मैदानावरची मुख्य इंजिनिअर. सडसडीत, तिखट बाई. तिने सकाळीच ओस्मोला बजावलं, "आणि हे बघ, आज कुंपणाबाहेर कुणी ना कुणी दुर्बीण घेऊन बसलेलं असणार. कॅमेरावाला जे सांगेल ते निमूट करायचं. हात कर म्हणाला तर हात कर, थांब म्हणाला तर थांब. चित्रीकरण खरं वाटलं पाहिजे."

"बरं," ओस्मो म्हणाला. त्याच्या मानाने हे भाषणच झालं.

सोळा फेऱ्या सुरळीत झाल्या. सतराव्या फेरीच्या शेवटी गाडी शंकूकडे हळू होत आली. नेमकी त्याच वेळी ढग फाटले आणि सकाळपासून पहिल्यांदा ऊन पडलं. पण शंकू होता प्रेक्षकांच्या सज्ज्याच्या सावलीत, आणि त्याच्यापुढे पन्नासेक पावलांवर रस्ता नुसता झळाळत होता. ओल्या हिरव्या रंगावर तसं ऊन पडलं असतं तर काय दिसलं असतं, हे मला माहीत होतं आणि ऑब्रेलाही. त्याने एका हाताने मला धरलं आणि दुसरा हात उंच करून हलवला. "ये, ये, अजून पुढे ये, माझ्या राजा! इथे ऊन आहे!"

ओस्मो शंकू मागे टाकून पुढे आला आणि उन्हात थांबला. चित्र असं आलं की काय सांगू.

मॉर्वेना गॅरेजमधून धावत आली. तिने टेप लावून मोजलं. शंकूपासून पंचेचाळीस मीटर. शंकू तिने वीस मीटर हात राखून ठेवला होता, म्हणजे शंभर किलोमीटरच्या वर पंचवीस मीटर. ती ओस्मोवर कडाडली, "एवढा मोठा नारिंगी शंकू! आंधळा आहेस का रे? चार वर्षांत तुला एक काम दिलं, थांब म्हटलं की थांबायचं!" ओस्मोने हेल्मेट काढलं, आमच्याकडे एकदा बघितलं आणि म्हणाला, "थांबलो तिथे थांबलो." बस्स.

दुपारी डर्मॉट नावाचा सगळ्यांत जुना मेकॅनिक चहाचा मग घेऊन आमच्या शेजारी बाकावर बसला.

"पोराचं संपलं बघ," तो म्हणाला. "पहिल्या शर्यतीला आता दुसराच कुणी तरी बसवतील. बाई म्हणतात, ज्याला शंकू दिसत नाही त्याला शर्यतीत काय दिसणार?"

"पेट्रोल थोडं जास्त उरलं असेल," ऑब्रे म्हणाला.

डर्मॉटने चहा बाजूला ठेवला. मग त्याने शंभर किलोमीटर, शंकू आणि ढकलणं, सगळं नीट समजावून सांगितलं. "सहा वर्षं तू इथे येतोस ना रे भल्या माणसा? कुणी सांगितलंच नाही तुला?"

ऑब्रेच्या तोंडचं पाणी पळालं. त्याने तेव्हाच उठून मॉर्वेनाकडे जायला हवं होतं. तो उठला, दोन पावलं गेला आणि परत येऊन माझ्या भिंगावर झाकण लावलं. मला त्या वेळी त्याचा राग आला होता, हे मी लपवत नाही. चूक माणसाची होती. पण ती झाकली माझ्यावर झाकण लावून.

आठवड्याने मॉर्वेना स्वतः आमच्या घरी आली. दुसऱ्या एका टीमने तक्रार केली होती. कुंपणाबाहेर शिडीवर बसलेल्या त्यांच्या माणसाने गाडी शंकूच्या पुढे जाताना पाहिली होती. गाडीतला अंतराचा आकडा चाकाच्या फेऱ्यांवरून काढतात, टायर झिजला की तो थोडा इकडेतिकडे होतो. म्हणून चौकशीचे साहेब लीव्हेन्स ब्रसेल्सहून येणार होते आणि त्यांनी चित्रीकरण मागवलं होतं.

"आम्ही सांगणार, गाडी शंकूपाशी थांबली," मॉर्वेना टेबलापाशी बसत म्हणाली. "शंकू येतो तिथे कापा आणि एकदम ढकलायला सुरुवात होते तिथे जोडा. जमेल ना? लग्नात कापाकापी करता ना तुम्ही?"

"करतो," ऑब्रे म्हणाला. "नवरदेव पडला वगैरे असेल तर करतो." मग त्याने विचारलं, "ओस्मोचं काय?"

"ते ठरलंय. त्याला घरी पाठवतेय." तिने चहा अर्धा ठेवला आणि निघाली. दारात म्हणाली, "हे बाहेर आलं तर आम्हाला पहिल्या शर्यतीलाच उतरू देणार नाहीत. दीडशे माणसांनी हिवाळाभर राबून ही गाडी उभी केली आहे. लक्षात ठेवा."

दुसऱ्या दिवशी सकाळी ऑब्रे कापायला बसला. ते बारा सेकंद होते. त्यात गाडी शंकू ओलांडते, चौकटीत एक लोकरी हातमोजा घुसतो आणि आवाज येतो, "ये, ये, अजून पुढे ये, माझ्या राजा!" त्याने ते बारा सेकंद कापले, टोकं जोडली आणि बघितलं. छान जमलं होतं, कुणाला संशय आला नसता. मग ते परत जागेवर घातले. परत कापले. जेवणाची वेळ टळून गेली. माझं कार्ड बाजूलाच होतं. त्यात सगळं जसंच्या तसं होतं, कारण मला दुसरं काही येत नाही.

चौकशी टीमच्याच इमारतीत झाली. लीव्हेन्स हा जाड चष्म्याचा, हळू बोलणारा गृहस्थ. मॉर्वेना, डर्मॉट आणि ओस्मो टेबलापलीकडे बसले होते. ओस्मोची बॅग पायाशीच होती. चौकशी संपली की तो विमानतळावर जाणार होता. ऑब्रेने मला पिशवीतून काढून टेबलावर ठेवलं, पडद्याला जोडलं आणि सरळ कार्डावरचं लावलं. न कापलेलं.

गाडी आली. शंकू मागे गेला. हातमोजा आला. आणि त्या शांत खोलीत ऑब्रेचा आवाज घुमला. "इथे ऊन आहे!"

मॉर्वेनाने डोळे मिटले. लीव्हेन्सने फिल्म थांबवली.

"हा हात कुणाचा?"

"माझा," ऑब्रे म्हणाला. "शंकूपाशी सावली होती, साहेब. या मुलाची काही चूक नाही. मी हे त्याच दिवशी सांगायला हवं होतं. घाबरलो. त्याने माझ्या वाटणीचं ऐकून घेतलं आणि मी खुशाल ऐकू दिलं. मला लाज वाटते."

लीव्हेन्स ओस्मोकडे वळला. "तुम्ही कॅमेरावाल्याचं का ऐकलंत? शंकू दिसत नव्हता?"

"दिसत होता. पण चित्रीकरणाचा दिवस होता," ओस्मो म्हणाला. "तसं सांगितलं होतं."

"मी सांगितलं होतं," मॉर्वेना म्हणाली. कुणी विचारलं नव्हतं. पण ती म्हणाली, आणि त्या बाईबद्दलचं माझं मत त्या क्षणी बदललं.

लीव्हेन्सने चष्मा काढून पुसला. "या चित्रीकरणांचे कागद तपासायला लागून मला नऊ वर्षं झाली," तो म्हणाला. "तुमच्या हिरव्या सजावटीही बघितल्या आहेत. निव्वळ चित्रीकरणासाठी गाडी चालवलेली आज पहिल्यांदा बघतोय. पंचवीस मीटर." तो हसला असावा, मला त्या कोनातून नीट दिसलं नाही. मग त्याने निकाल दिला. पंचवीस मीटर म्हणजे पंचवीस मीटर, नियम मोडलाच. पुढच्या वर्षीचे चित्रीकरणाचे दोन्ही दिवस रद्द. पहिल्या शर्यतीला गाडीला परवानगी.

मॉर्वेना उठली आणि ओस्मोच्या पायापाशी गेली. माफी मागणं तिला जमत नाही. तिने त्याची बॅग उचलली आणि डर्मॉटच्या हातात दिली. "ही शर्यतीच्या सामानात टाक. आणि याची सीट याच्या मापाने पुन्हा बसवून घे."

सगळे गेल्यावर ओस्मो एकटा मागे राहिला. ऑब्रे माझी वायर गुंडाळत होता.

"मला ते हवंय," ओस्मो म्हणाला.

"पूर्ण फिल्म? पाठवतो की. संगीत घालून—"

"संगीत नको. तेवढंच हवं. हात येतो ते." एवढी वाक्यं त्याने सलग कधी बोलली नसावीत. "चार वर्षं सगळे मला कुठे थांबायचं तेच सांगतात. पुढे ये म्हणणारे तुम्ही पहिले."

ऑब्रेने वायर सोडून दिली आणि त्या लांबलचक पोराला कवेत घेतलं. मी चालू नव्हतो, म्हणून ते माझ्याकडे नाही. पण ते घडलं.

ओस्मो पहिल्या शर्यतीत चौदावा आला. चौदावा म्हणजे फार काही नाही, पण आमच्या स्वयंपाकघरात त्या दिवशी ऑब्रे खुर्चीवर उभा राहून ओरडत होता.

आता पुढच्या वर्षी चित्रीकरण नाही आणि त्यानंतरही टीम आम्हाला बोलावेल असं वाटत नाही. माझी बॅटरी तासाभरात मान टाकते आणि पडद्याच्या कोपऱ्यात एक काळा ठिपका आला आहे. शनिवारी डॅव्हेंट्रीला एक लग्न आहे, बहुधा शेवटचं. ऑब्रे माझं कार्ड रिकामं करायला बसला आहे, कारण जागा उरलेली नाही. ओस्मोला त्याची प्रत गेली आहे, मला ते ठाऊक आहे. तरीही ऑब्रे, एवढंच मागतो: बाकी सगळं पुसून टाका, किटलीसुद्धा पुसा. ते बारा सेकंद मात्र माझ्यातच राहू द्या. माझं सगळं आयुष्य दुसऱ्यांचे क्षण सांभाळण्यात गेलं, आणि त्या एका क्षणात तुमचा हात आहे.