बोटीची ओळख

दिराने कॅमेरा जरा खाली झुकवला आणि पडद्यावर गाळातून बोटीची कड वर आली.

"सावकाश बघा, वहिनी. घाई नाही."

तिने चष्मा पुसला. बावीस वर्षांपूर्वी तिचा नवरा मासेमारीला गेला तो बोटीसकट परतलाच नाही. आता दीर कामाला होता त्या समुद्र-संशोधन संस्थेच्या पाहणीत, उजेडही पोचत नाही अशा खोल तळाशी, त्यानेच सोडलेल्या कॅमेऱ्याच्या यंत्राला ही बोट सापडली होती. घरी सासूबाईंनी हट्ट धरला होता, आपली असेल तर वर काढायचीच. बोटमालकांचा संघ त्याला तयार होता. अडलं होतं ते ओळख पटण्यावर.

बोटीवर पांढरं प्रवाळ हातभर वाढलं होतं. त्याच्या फांद्यांत मासे स्वस्थ उभे होते. भोवताली मात्र नांगरल्यासारखा उघडा तळ आणि मोडक्या तुकड्यांचा खच.

"हे कोणी केलं?"

"आपल्याच तळ खरवडणाऱ्या जाळ्यांनी," दीर म्हणाला. "दादाच्याही. शेकडो वर्षांचं प्रवाळ एका फेरीत भुगा होतं. उरलेलं उडालेल्या गाळाखाली गुदमरतं. बोटीत जाळं अडकेल म्हणून इथे कोणी फिरकत नाही, म्हणून एवढं वाचलंय."

"बोट काढली तर?"

"मरेल," मागे उभ्या संशोधक बाई म्हणाल्या. "न काढताही किती टिकेल, सांगता येत नाही. पाणी तापतंय, त्यातलं आम्ल वाढतंय. खालचा सांगाडा ठिसूळ होत चाललाय."

भाजीचा भाव ऐकावा तशी तिने मान हलवली.

कॅमेरा सुकाणूच्या खोलीपाशी आला. खिडकीखाली पत्र्याचं ठिगळ होतं, एका अंगाला कललेलं. नवऱ्याने ते ठोकलं तेव्हा दुसरं टोक तिनेच धरलं होतं. वाकडं झालंय म्हणाली, तर तो म्हणाला होता, "समुद्रात कोण बघतंय?"

दिराचा हात थबकला. मग त्याने कॅमेरा हळूच दुसरीकडे वळवला.

"काही ओळखीचं?" बाईंनी विचारलं.

"नाही," ती म्हणाली. "ही आमची नव्हे."

रडू कोसळेल असं तिला येताना वाटलं होतं. आलं नाही. तिने पर्स उचलली.

दोघं घरी पोचली. सासूबाई दारातच उभ्या होत्या.

"आपलीच ना गं?"

"नाही, आई."

म्हातारीने चौकट धरली. दोघांच्या तोंडांकडे आळीपाळीने पाहिलं. दीर खाली वाकून चपला काढत राहिला.

"बरं झालं," त्या म्हणाल्या. "हातपाय धुवा. वाढते."