सगळ्यांचं झाल्यावर

आमच्या वृद्धाश्रमात मला तोंडावर मावशी म्हणतात आणि पाठीमागे तोफ. मला ते ठाऊक आहे, आणि खरं सांगायचं तर आवडतंही. पण त्या दिवशी सकाळी दहा वाजता सिस्टरांनी मला औषधांच्या खोलीत बोलावून जे सांगितलं, ते ऐकून तोफेची दारूच भिजली. दुपारी दोनला डॉक्टर येणार होते आणि सात नंबरच्या माईंच्या नाकातून पोटात नळी घालणार होते. माईंची मुलगी बारापर्यंत पोहोचणार होती, सही करायला.

माईंना अर्धांगवायूचा झटका येऊन गेलेला. उजवा हात गेला आणि बोलणंही गेलं. दोन महिन्यांपूर्वी आमच्याकडे आल्या तेव्हा वजन बावन्न किलो होतं, त्या सोमवारी काटा त्रेचाळीसवर थांबला. गिळण्याची तपासणी दोनदा झाली होती. घसा ठणठणीत, पोट ठणठणीत, फक्त ताट समोर आलं की तोंड बंद. कुलूप लावून किल्ली विहिरीत टाकावी तसं.

नळीला माझा विरोध नव्हता. जिला गिळताच येत नाही तिच्यासाठी नळी म्हणजे जीवच. पण गोंधळलेलं म्हातारं माणूस नळी ओढून काढतं, हे मी इथल्या आयाच्या नोकरीत अकरा वर्षांत इतक्यांदा पाहिलं होतं की मोजायचं सोडून दिलं होतं. मग हात पलंगाला बांधावा लागतो, मऊ पट्टीने का होईना. माईंकडे एकच हात उरला होता. तो बांधल्यावर बाईंकडे काय राहणार, तुम्हीच सांगा.

हे मी सिस्टरांना जरा चढ्या आवाजात विचारलं. त्या बिचाऱ्या सरळ बाई, त्यांनी जेवणाचा तक्ता माझ्यासमोर धरला. दुपारचं जेवण: नाकारलं. नाकारलं. नाकारलं. वरपासून खालपर्यंत एकच शब्द आणि एकच अक्षर, आणि ते अक्षर माझं. आता भांडायचं कुणाशी?

"दोन वाजेपर्यंत काही करता आलं तर करा, मावशी," सिस्टर म्हणाल्या. "मलाही तो हात बांधायचा नाहीये."

झालं, माझ्या पायाला भिंगरी लागली.

इथे एक गोष्ट सांगायला हवी. ज्यांना भरवावं लागतं त्यांचं आमच्याकडे वेगळं टेबल आहे, अगदी पुढे, खिडकीजवळ. साडेअकराला सगळ्यात आधी त्या टेबलावर ताटं जातात, गरम गरम. बाकीच्यांची जेवणं बारानंतर. रात्रीही हाच क्रम. पूर्वी उलट होतं. ज्यांचा हात चालतो ते आधी जेवायचे आणि ज्यांना भरवायचं त्यांच्या तोंडात थंड गोळे पडायचे. तीन वर्षांपूर्वी मी त्यावरून एवढा तमाशा केला होता की वरच्या साहेबांनी हात टेकले. तेव्हापासून असहाय माणूस आधी, हा आमचा नियम. माझा नियम. त्याचा मला भारी तोरा होता.

तर त्या दिवशी साडेअकराला मी स्वतः माईंना चाकाच्या खुर्चीतून आणलं. आचाऱ्याला सांगून भात आणखी मऊ करून घेतला होता, सूप गाळून घेतलं होतं, वर लोण्याचा तुकडा. आधी गोड बोलले. मग विनवण्या केल्या. मग, लपवत नाही, ओरडलेही. माईंनी नेहमीचंच केलं. डावा हात उचलून समोरच्या रिकाम्या टेबलांवरून असा हळूहळू फिरवला, मग ताट बोटांनी माझ्याकडे सरकवलं आणि ओठ मिटले. मी ताट परत त्यांच्यापुढे केलं, त्यांनी परत माझ्याकडे. असं पाच-सहा वेळा. माझा पारा असा चढला की मी उठून मागच्या व्हरांड्यात गेले आणि एका कुंडीला लाथ मारली. कुंडीचं काही बिघडलं नाही, माझा अंगठा मात्र सुजला.

लंगडत परत येते तर माईंची मुलगी दारात उभी. पन्नाशीची, शाळेत शिकवणारी, डोळे रडून लाल. हातात पेन आधीच काढून धरलेलं. ते पेन बघून माझं डोकंच फिरलं. मी तिला नमस्कारसुद्धा केला नाही. घरी जेवायच्या का, काय जेवायच्या, कुणाच्या हातचं, कुठे बसून, सगळं एका दमात विचारलं. जणू काही तिनेच आईचं तोंड शिवून आमच्याकडे पाठवलं होतं.

ती गांगरली. म्हणाली, घरी जेवायची की. सगळं जेवायची. फक्त आमच्याबरोबर कधी बसायची नाही, मागाहून एकटी जेवायची, जुनी सवय. मग तिची नजर भिंतीवरच्या घड्याळाकडे गेली आणि खिडकीजवळच्या टेबलावरच्या ताटाकडे.

"आईला तुम्ही साडेअकराला वाढता?" तिने विचारलं.

मी म्हटलं, हो, सगळ्यांच्या आधी. अजून तोऱ्यातच होते मी.

ती खुर्चीत बसली आणि सांगायला लागली. माई एकतीस वर्षं एका कारखान्याच्या कॅन्टीनमध्ये वाढायला होत्या. खिडकीमागे उभ्या राहून चारशे माणसांना वाढायच्या. त्यांच्या आधीच्या बाई स्वतः आधी जेवून घ्यायच्या आणि एकदा शेवटच्या दहा-बारा जणांना अन्न पुरलं नाही. माणसं उपाशीपोटी यंत्रावर गेली आणि त्यातल्या एकाला भोवळ आली. माई तेव्हा नव्या होत्या. त्यांनी त्या दिवसापासून ठरवलं, शेवटचा माणूस जेवून उठल्याशिवाय आपण चमचा उचलायचा नाही. शाळेला सुट्टी असली की ही मुलगी आईबरोबर कॅन्टीनला जायची, आणि भुकेने रडकुंडीला येऊन विचारायची, आई, कधी गं? माई हात असा खिडकीबाहेर टेबलांवरून फिरवून बघायच्या, कोण राहिलंय का.

मुलीने हात फिरवून दाखवला. तोच हात. हळू, डावीकडून उजवीकडे, एकेका टेबलावर थांबत.

माझ्या डोक्यात एकदम दुपारचा चहा आला. आमच्या आयांचा साडेतीनचा चहा आम्ही माईंच्या खोलीत घेतो, तिथे ऊन छान येतं म्हणून. आम्ही सगळ्यांनी कप खाली ठेवले की माई आपला कप उचलायच्या, वर तीन-तीन बिस्किटं खायच्या. त्यांना गोडाची आवड आहे असं मी तक्त्यात लिहिलं होतं. शहाणी मी.

दोन महिने आम्ही त्या बाईला चारशे माणसांच्या आधी जेवायला बसवत होतो. प्रेमाने. गरम गरम.

मी मुलीच्या हातातलं पेन काढून माझ्या खिशात टाकलं आणि स्वयंपाकघराकडे पळाले. सुजलेल्या अंगठ्यासकट. आचाऱ्याला सांगितलं, माईंचं ताट बाजूला ठेव, गरम ठेव, कुणी हात लावला तर माझ्याशी गाठ आहे. तो म्हणाला, तुमच्याशी गाठ रोजचीच आहे. पण ताट झाकून चुलीशेजारी ठेवलं.

माईंना आम्ही दाराजवळ नेऊन बसवलं, जिथून सगळं भोजनघर दिसतं. बारा वाजता बाकीचे जेवायला आले आणि मी काय सांगू, त्या बाईंचा चेहराच बदलला. पाठ सरळ झाली. डोळे या टेबलावरून त्या टेबलावर. एका आजोबांचं सूप सांडलं तर माईंचा डावा हात आपसूक पुसायला उठला. मुलगी माझा दंड धरून उभी होती, इतका घट्ट की दुसऱ्या दिवशी तिथे निळं पडलं. आम्ही दोघी परीक्षेच्या निकालाला उभ्या राहिल्यासारख्या उभ्या होतो. जेवणारे मात्र असे निवांत, असे चावून चावून खाणारे की एकेकाला गदागदा हलवावं असं वाटत होतं.

सव्वा वाजता शेवटच्या आजी उठल्या. मी माईंना मधल्या टेबलाशी नेलं, आचाऱ्याने ताट आणलं, वाफ निघत होती. नेमके त्याच वेळी डॉक्टर आत आले, पाऊण तास आधीच, बगलेत फाइल. सिस्टर त्यांच्यामागे. मी हातानेच थांबा म्हणून खूण केली.

माईंनी चमचा उचलला. माईंनी टेबलांवरून हात फिरवला, सगळी रिकामी. मग मान वळवून त्यांनी स्वयंपाकघराच्या दाराकडे पाहिलं, आणि चमचा खाली ठेवला.

डॉक्टर हळूच म्हणाले की प्रयत्न चांगला होता. त्यांच्या आवाजात दया होती, पण हात फाइलचा बंद सोडवत होता.

"थांबा," मुलगी म्हणाली. "कॅन्टीनमध्ये आचारी आणि भांडीवाल्याही आधी जेवायच्या. आई सगळ्यांच्या शेवटी."

आमच्याकडे कर्मचाऱ्यांनी रहिवाशांसमोर जेवायचं नाही, हा नियम आहे. मी सिस्टरांकडे बघितलं. सिस्टरांनी क्षणभर दाराकडे पाहिलं, साहेबांच्या खोलीच्या दिशेने, आणि मग स्वतःच खुर्ची ओढून बसल्या. आचाऱ्याला म्हणाल्या, चार ताटं आण, तुझं धरून. मुलीला बसवलं. डॉक्टर म्हणाले, मला नको, मला अजून दोन ठिकाणी जायचंय. माई त्यांच्याकडे बघत होत्या. सिस्टरांनी विचारलं, सकाळपासून काय खाल्लंत? डॉक्टर म्हणाले, कॉफी. मग फाइल शेजारच्या खुर्चीवर ठेवून तेही बसले, आणि भात असा खायला लागले की आचाऱ्याला आणखी वाढायला उठावं लागलं.

माई एकेकाकडे बघत होत्या. आचाऱ्याचं झालं. सिस्टरांचं झालं. मुलीने रडत रडत संपवलं. डॉक्टरांचं दुसऱ्यांदा झालं. आता कोणी उरलं नाही असं मानून मी चमचा भरला, माईंच्या शेजारी उभी राहिले आणि त्यांच्या ओठांशी नेला.

ओठ मिटलेले. माईंनी डाव्या हाताने ताट माझ्याकडे सरकवलं.

मी हरले. खरंच हरले. डोळ्यांत पाणी आलं ते रागाचं की कशाचं, मला कळेना. ताट परत त्यांच्यापुढे करणार, एवढ्यात मुलगी म्हणाली, "मावशी, तुम्ही जेवलात का?"

मी जेवले नव्हते. मी कधीच तोपर्यंत जेवलेली नसते. तीन वाजता मागच्या मोरीपाशी उभ्या उभ्या डबा संपवते, तोही एका हाताने, कारण दुसऱ्या हातात कुणाची तरी घंटा वाजेल म्हणून चाव्या असतात. हे कुणाला माहीत असायचं कारण नव्हतं. माईंना माहीत होतं. रोज साडेअकराला मी चमचा घेऊन त्यांच्यासमोर उपाशी उभी राहत होते, आणि एकतीस वर्षं चारशे माणसांचे चेहरे वाचलेल्या बाईला ते दिसत होतं.

मी बसले. आचाऱ्याने माझ्यापुढे ताट ठेवलं. पाच माणसं आपल्याकडे बघत असताना घास गिळणं सोपं नसतं, पण मी खाल्लं. भात, भाजी, सूप, सगळं. माई माझ्या ताटाकडे बघत होत्या. कडेला थोडी भाजी राहिली होती, तिच्यावर त्यांनी बोट ठेवलं. मी तीही खाल्ली.

तेव्हा माईंनी आपलं ताट स्वतःकडे ओढलं, चमचा उचलला आणि जेवायला सुरुवात केली. स्वतःच्या हाताने. थोडं सांडलं, थोडं हनुवटीवर आलं, कुणी पुसायला धावलं नाही. निम्म्याहून अधिक ताट संपलं. डॉक्टरांनी घड्याळ बघितलं नाही. जाताना फाइल तशीच बगलेत मारली आणि म्हणाले की आठ दिवसांनी वजन करू, तोवर नळीचं नाव नको. मुलीने माझ्याकडे पेन मागितलं, मी म्हटलं, पुढच्या वेळी.

मग मी तक्ता भरायला बसले. त्या दिवसाच्या रकान्यात लिहिलं: जेवल्या, स्वतःच्या हाताने. मग वरचे दोन महिने दिसले, माझ्याच अक्षरातले. अकरा वर्षांत या कामावर मला कुणी जेवलीस का म्हणून विचारलं नव्हतं. माई ताट पुढे सरकवून रोज विचारत होत्या, आणि मी रोज लिहीत होते, नाकारलं.