डाव्या पायाचा बूट

साखरेपायी बाबांच्या डाव्या पायाची तीन बोटं गेली आणि चार महिने ते घराबाहेर पडले नाहीत. सपाता घालून चारचौघांत जाणार नाही, धड बूट मिळाले तरच फिरायला जाईन, हा त्यांचा हट्ट. शेवटी मी त्यांना गाडीत घालून बुटांच्या एका मोठ्या दुकानात आणलं.

दुकान कसलं, गोदामच ते. छतापर्यंत खोकी आणि विचारायला माणूस औषधालाही नाही. एक मुलगी सापडली, तिनं मोबाईलमधून मान न काढता भिंतीवरच्या पडद्याकडे बोट दाखवलं. पडद्यानं पायाचा नंबर विचारला. एका माणसाच्या दोन पायांचे दोन नंबर असू शकतात, हे त्याच्या गावीही नव्हतं. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली.

बाबांना बाकावर बसवलं होतं तिथे परत येते तर त्यांच्यासमोर साठीचे एक गृहस्थ गुडघे टेकून बसलेले. कडक इस्त्रीचा शर्ट, खिशात बूट चढवायची पट्टी. उजव्या बुटाची नाडी बांधूनही झाली होती.

"संध्याकाळी आलात ते बरं केलंत, साहेब. दिवसभरात पाय फुगतो. खरं माप आत्ताच मिळतं."

असं म्हणत त्यांनी डावा मोजा अलगद उतरवला, पाय तळहातावर घेतला आणि अंगठ्यानं चवडा दाबून पाहिला. बाबा चक्क हसले.

माझ्या मनात पाल चुकचुकली. आजच्या काळात इतकं अगत्य? फुकट? गळ्यात ओळखपत्रही नव्हतं. मी पर्स दुसऱ्या खांद्यावर घेतली.

"तुम्ही इथलेच ना?"

"सव्वीस वर्षं," वर न बघता ते म्हणाले आणि बुटाच्या टोकात कापूस भरू लागले.

हे काही सरळ उत्तर नव्हतं. मी तडक त्या मुलीकडे गेले. म्हटलं, "ओळखपत्र नसलेला कुणीतरी माझ्या वडिलांशी लगट करतोय." काय आश्चर्य! मघाशी ढुंकूनही न बघणारं दुकान मिनिटभरात जागं झालं. दोन रखवालदार आणि एक मॅनेजर धावत आले.

"काका, पुन्हा?" मॅनेजर म्हणाला. मग माझ्याकडे वळला. "सॉरी मॅडम. यांना कामावरून काढून दीड वर्ष झालं. तरी येतात आणि गिऱ्हाइकांना बूट घालत बसतात."

काका उठले, गुडघे झटकले. डावा बूट माझ्या हातात देत म्हणाले, "पुढे कापूस भरलाय. नाडी वरती सैल ठेवा, ताई." रखवालदारांनी त्यांना दारापर्यंत नेलं. मॅनेजरही निघाला.

"अहो, आता हा बूट कोण घालून देणार?"

"मॅडम, इथे आपलं आपणच घालायचं असतं."

मी बाबांसमोर बसले. चार महिने मलमपट्टीला नर्स यायची आणि मी दारात उभी राहून चहा हवा का ते विचारायची. आज तो पाय माझ्यासमोर उघडा होता. मी हात पुढे केला आणि तो वाटेतच थांबला. बाबांनी ते पाहिलं. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"राहू दे," उजव्या बुटाची नाडी सोडत ते म्हणाले. "सपाता दे माझ्या."